पोटाची वाटणी

हृदयाच्या रोग्याला समाजात मान असतो. तो जिन्यात थांबला की मागची माणसंही अदबीने थांबतात. किडनीवाल्याविषयी बोलताना लोक आवाज खाली आणतात. ज्याचं पोट साफ होत नाही त्याची मात्र कुणी चौकशी करत नाही, आणि केलीच तर हसू दाबत करतं. चिखलीचे यशवंतराव हा अन्याय कैक वर्षं सोसत होते.

आकुर्डीच्या कंपनीत त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. तिन्ही शिफ्टमध्ये फिरून फिरून त्यांच्या पोटाला दिवस कुठला आणि रात्र कुठली हेच समजेनासं झालं, आणि ते रिटायर झाल्यावर पोटानेही काम बंद केलं. सकाळी ते आत जात. बाहेर सुमनताईंची देवपूजा होई, भाजी निवडून होई, भाडेकरूंचं पाणी भरून होई, तरी दार उघडत नसे. उघडलं की सुमनताई फक्त भुवई वर करत आणि यशवंतराव मान हलवत. लग्नाला जायचं नाही, मुक्कामाला जायचं नाही, कारण परक्या घरात एवढा वेळ आत बसणार कसं? रामेश्वरला जायचं बुकिंग त्यांनी केवळ रेल्वेचा संडास आठवून रद्द केलं होतं.

अशा माणसाला चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ‘नवीन औषधाच्या अभ्यासासाठी रुग्ण हवेत’ अशी पाटी दिसली तर तो थांबणारच. पाट्या तीन होत्या. हृदयाच्या पाटीखाली गादीचा बाक होता, किडनीच्या पाटीखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि आतड्यांची पाटी जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी. मानाची उतरंड तिथेही होतीच. यशवंतराव कूलरचं पाणी पिण्याच्या मिषाने तिथे घुटमळले, तेव्हा अभ्यासाचं काम बघणाऱ्या तनुजाने त्यांना बरोबर ओळखलं. एकाच माणसाला सलग चार ग्लास पाणी लागत नाही.

तनुजाने त्यांना आत बसवून सगळं नीट समजावलं.

“काका, निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल. उरलेल्या निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी कॅप्सूल मिळेल, पण तिच्यात औषध नसेल.”

“मग काय असेल?”

“समजा, पीठ.”

“आणि मला कुठली मिळणार?”

“ते तुम्हाला कळणार नाही.”

“मग तुम्ही सांगा.”

“मलाही कळणार नाही, काका.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

“मग कळतं कुणाला?”

“कॉम्प्युटरला.”

माल देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि वरच्या साहेबाला, तिघांनाही डब्यात काय आहे ते माहीत नाही, असं स्टोअर यशवंतरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण सकाळच्या त्या बंद दाराची आठवण झाली आणि त्यांनी कागद तीनदा वाचून सही केली. तनुजाने शेवटी बजावलं, “निवड झाली तर बाटली मिळेल, ती फक्त तुमची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही.” यशवंतरावांनी मान डोलावली. वाचकांनी ही सूचना लक्षात ठेवावी, कारण यशवंतराव ठेवणार नव्हते.

मग रक्त तपासलं, लघवी तपासली आणि ज्याचा उच्चार ते घरातही करत नसत तेही तपासलं. शेवटी तनुजाचा फोन आला, “काका, तुमची निवड झाली.” त्यांना एकदम भरून आलं. शाळेच्या कबड्डी संघापासून सोसायटीच्या कमिटीपर्यंत त्यांची आजवर कशातच निवड झाली नव्हती. आता जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या आतड्यांची निवड केली होती.

“कुणाला बोलू नकोस,” त्यांनी सुमनताईंना सांगितलं.

सुमनताईंनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त अंबुकाकींना सांगितलं. यशवंतरावांची ही म्हातारी चुलती शेजारीच राहायची, म्हणजे ती काही परकी नव्हे. अंबुकाकींनी भावकीतल्या बंटीला सांगितलं. बंटीला महापालिकेची निवडणूक लढवायची होती, आणि त्यासाठी त्याला सतत कुणाचं तरी अभिनंदन करावं लागे. वाढदिवस संपले होते, दहावीचे निकाल अजून लांब होते. तिसऱ्या दिवशी चिखलीच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘आंतरराष्ट्रीय औषध संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल आमचे मार्गदर्शक मा. यशवंतराव (तात्या) यांचे हार्दिक अभिनंदन! विभाग : पोट.’ यशवंतरावांचा रिटायरमेंटच्या दिवशीचा फेटेवाला फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा, गॉगल लावून मोबाइल कानाला लावलेला बंटी.

“बंट्या, हे काय करून ठेवलंस?” यशवंतरावांनी विचारलं.

“तात्या, टेन्शन नका घेऊ राव! आजारपण कुठं लिहिलंय? नुसता विभाग टाकलाय.”

त्या दिवसापासून यशवंतरावांचं चौकात जाणं मुश्कील झालं. डेअरीवाल्याने दुधाच्या पिशवीबरोबर एरंडेलाचा सल्ला दिला. सलूनवाल्याने अर्धी दाढी तशीच ठेवून, उकिडवं बसून पोटावर कुठे दाबायचं ते दाखवलं. पीएमपीच्या स्टॉपवर कधी न बोलणारा एक गृहस्थ जवळ आला आणि ‘उलटं चालून बघा’ एवढंच बोलून बसमध्ये चढून गेला. शिफ्ट सुटलेली पोरं गाडीवरूनच विचारायची, “तात्या, आज?” आणि अंगठा आधी वर, मग खाली करून दाखवायची. ज्या माणसाने अख्ख्या स्टोअरला शिस्त लावली, त्याच्या सकाळी आता चौकात जाहीर व्हायला लागल्या. त्यांना भयंकर लाज वाटायची. पण औषध घेतल्यापासून सकाळचं दार जरा लवकर उघडायला लागलं होतं, म्हणून तेही त्यांनी गिळलं.

हे असंच चाललं असतं तर गोष्ट इथे संपली असती. पण फ्लेक्स दत्तोबांनीही पाहिला.

दत्तोबा हे यशवंतरावांचे सख्खे थोरले भाऊ. वडिलांची जमीन वाटताना अंबुकाकींसमोर तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. दत्तोबांना रस्त्याकडचा तुकडा निघाला, यशवंतरावांना नदीकडचा. मग रस्ता रुंद झाला आणि दत्तोबांचे गाळे झाले, इमारत झाली, मोठी पांढरी गाडी झाली. यशवंतरावांच्या तुकड्यावरून पूररेषा गेली आणि जुनं घर आणि चार पत्र्याच्या खोल्या सोडून तिथे एक वीट रचायची सोय उरली नाही. त्यात यशवंतरावांची वाट दत्तोबांच्या जागेतून. इमारतीतल्या भाडेकरूंच्या गाड्या चोरीला जायला लागल्या तेव्हा दत्तोबांनी वाटेवर दोन दारांचं लोखंडी गेट बसवून कुलूप घातलं. “चावी मागितली तर देतो,” दत्तोबा म्हणाले. “माझ्या वाटेची चावी मी मागायची?” यशवंतराव म्हणाले. त्यानंतर यशवंतराव स्कूटर घेऊन नाल्याकडून वळसा घालत होते आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीत आपल्याला कायम कमअस्सलच मिळतं, ही गोष्ट यशवंतरावांच्या मनात रुतून बसली होती. जेवायला बसले तरी ते आधी दुसऱ्याच्या ताटातली भाकरी बघत.

पुढच्या तपासणीला यशवंतराव हॉस्पिटलात गेले ते सरळ हृदयाच्या गादीच्या बाकावर जाऊन बसले. चौकातलं कुणी भेटलंच तर निदान आजार तरी घरंदाज दिसावा. तिथल्या नर्सने “छातीत दुखतं का?” विचारलं, त्यांनी खोटं बोलायला नको म्हणून नुसतीच मान हलवली, आणि तिने त्यांना आत नेऊन ईसीजी काढला. बाहेर येऊन ते बसतात तोच दुसरी नर्स आली आणि तिनेही काढला. समोर किडनीच्या खुर्च्यांवर एक गृहस्थ तोंडाला उपरणं लावून खाली मान घालून बसले होते.

“पोटाच्या अभ्यासाचे पेशंट, आत या!” तनुजाने हाक मारली. कुणी उठलं नाही. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. अख्खा कॉरिडॉर पोटाचे पेशंट शोधायला लागला. शेवटी तिने नावं वाचली. हृदयाच्या बाकावरून यशवंतराव उठले आणि किडनीच्या खुर्चीवरून दत्तोबा.

“अय्या, तुम्ही सख्खे भाऊ का?”

“आडनाव येक हाय,” दत्तोबा म्हणाले.

“गाव एक आहे,” यशवंतराव म्हणाले.

पोटाचं दुखणंही एकच होतं, वडिलांकडून आलेलं. ते चिठ्ठ्या न टाकता दोघांना सारखं मिळालं होतं. बंटीचा फ्लेक्स बघितल्यावर, धाकट्याची निवड होते आणि आपली नाही, हे दत्तोबांना सहन झालं नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी येऊन नाव घालून गेले होते.

घरी येताना यशवंतरावांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. आजवर निम्म्यांना खरं आणि निम्म्यांना पीठ ही त्यांच्या लेखी सोडत होती. सोडतीत हरल्याचं दुःख नसतं. पण आता भाऊ आला म्हणजे ती वाटणी झाली. आणि वाटणी म्हटल्यावर खरं औषध कुणाला आणि पीठ कुणाला, हे त्यांना कॉम्प्युटरपेक्षा आधी कळलं होतं.

ते गच्चीवरून दत्तोबांच्या घरावर नजर ठेवू लागले. दत्तोबांच्या न्हाणीघराची खिडकी कधी उजळते, कधी विझते. दत्तोबा अंगणात येऊन मोठ्याने खाकरले की यशवंतराव म्हणत, “ऐकलंस? ही मोकळ्या पोटाची खाकर आहे.”

“तुमचंही बरं आहे की आता,” सुमनताई म्हणायच्या.

“माझं बरं आहे, त्याचं जास्त बरं आहे.”

“तुम्हाला स्वर्ग मिळाला ना, तरी शेजारी किती स्वर्ग उतरला ते मोजत बसाल.”

तिकडे दत्तोबाही अंबुकाकींच्या ओट्यावर बसून हेच सांगत होते. “काकी, त्यानं आधी नाव घातलं. आधी जाणाराला आस्सल माल देत्यात. मला पीठ दिलंय, पीठ! माझं मला कळतंय.” दोघांचं गाऱ्हाणं ऐकून ऐकून अंबुकाकींचे कान किटले. एके दुपारी त्यांनी दोघांनाही बाटल्या घेऊन ओट्यावर बोलावलं. यशवंतराव वळसा घालून आले, दत्तोबा समोरून आले आणि दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसले. मोबाइल घेऊन बंटी न बोलावताच आला.

“बापाची जमीन वाटली तवा म्या व्हते,” अंबुकाकी म्हणाल्या. “चिठ्ठ्या टाकल्या न् जल्माचं वैर झालं. आता चिठ्ठी न्हाई. वता दोनी डबडी परातीत, कालवा, न् निम्मं निम्मं घ्या. पीठ आलं तर दोगांना, आवशद आलं तर दोगांना.”

यशवंतरावांच्या डोळ्यांपुढे तनुजा येऊन गेली. पण समोर परात होती, पंच होते, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा अशी वाटणी होती की जिच्यात कमी मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी बाटली उघडली.

“परात कुणाची?” दत्तोबांनी संशयाने विचारलं.

“माझी. आन् मला रोज सकाळी येळंवर हुतं, मला तुमच्या गोळ्यांचा लोभ न्हाई. वत मुकाट्यानं!”

दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या. अंबुकाकींनी पोहे चाळावेत तशा कॅप्सूल कालवल्या आणि एक तुला, एक मला करत वाटल्या. शेवटी परातीत एकच उरली. दोघेही तिच्याकडे बघत बसले. सोडून द्यायला कुणीच तयार नव्हतं. अंबुकाकींनी कनवटीचा अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी तशी ती कॅप्सूल मधोमध फोडली. पांढरी पूड उडाली, निम्मी दत्तोबांच्या धोतरावर पडली आणि उरलेली ओट्याखाली. ती अंबुकाकींच्या कोंबडीने टिपली.

पुढे दोन दिवस दोन्ही घरं त्या कोंबडीच्या मागे होती. तिचं पोट चाळवलं तर फुटलेली तरी खरी होती असं म्हणता आलं असतं. पण कोंबडी जे आधी करत होती तेच, तिथेच आणि तितकंच करत राहिली. विज्ञानाला तिचा काही उपयोग झाला नाही.

गंमत अशी की वाटणी झाल्यावर दोघांनाही बरं वाटायला लागलं. दत्तोबा एकदा गच्चीकडे बघून हसल्याचं सुमनताईंनी स्वतः पाहिलं. सगळं सुरळीत झालं असतं, पण बंटीने व्हिडिओ काढला होता आणि बंटीला ही संधी सोडवणार नव्हती. चौकात नवा फ्लेक्स आला. ‘भावकी एक झाली! औषध वाटून घेऊन समाजापुढे आदर्श ठेवणाऱ्या बंधूंचे जाहीर अभिनंदन!’ मध्ये परात, तिच्यात कॅप्सूलचा ढीग, एका बाजूला दत्तोबा, दुसऱ्या बाजूला यशवंतराव, मागे अडकित्ता उगारलेल्या अंबुकाकी. आणि गॉगल.

तनुजा नुकतीच चिखलीतल्याच एका नव्या सोसायटीत भाड्याने राहायला आली होती, हे दोघा भावांना आणि बंटीला ठाऊक नव्हतं. सकाळी बसची वाट बघता बघता तिने फ्लेक्स वाचला. बस आली आणि गेली, ती वाचतच होती.

दुपारी दोघा भावांना बोलावणं आलं. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, “काका, दुसऱ्याचं औषध घेणं धोक्याचं असतं. काही झालं असतं तर आम्हाला कळलंही नसतं की कशानं झालं. कुणाला काय दिलंय हे कुणालाच कळू नये म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला. तुम्ही तर असं करून ठेवलंत की आता कळूनही उपयोग नाही.”

पुन्हा रक्त घेतलं, सगळं ठीक निघालं, आणि दोघांनाही अभ्यासातून काढलं. तनुजाचे डोळे लाल होते. वरच्या लोकांना तिला याचं उत्तर द्यायचं होतं. यशवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन लॉट मिसळणाऱ्या माणसाला स्टोअरमधून त्यांनीच हाकलून दिलं असतं, आणि आज त्यांनी परातीत मिसळले होते, तेही फेटा बांधल्यासारखे ताठ बसून. “पोरी, चूक माझी आहे, तसं लिही,” ते म्हणाले. “माझीबी लिव,” दत्तोबा म्हणाले. चूकसुद्धा धाकट्याला एकट्याला मिळू द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता.

मात्र बाहेर पडल्यावर ‘परातीची अक्कल कुणाची’ यावरून दोघांचं पुन्हा वाजलं आणि पुन्हा बोलणं बंद झालं. गेटला कुलूप होतंच. फ्लेक्स मात्र बंटीने उतरवला नाही. तो पावसापाण्याने फाटेपर्यंत दोघं भाऊ चौकात परातीपाशी हसत बसून होते.

बरेच महिने गेले. मग एक दिवस तनुजाने दोघांनाही फोन केला. अभ्यास संपला होता आणि आता सांगता येत होतं. फोनवर सांगते म्हणाली, पण यशवंतराव म्हणाले, मी समोर येऊन ऐकतो. रिक्षासाठी ते रस्त्यावर उभे होते, तेव्हा पांढरी गाडी शेजारी थांबली. “बस,” दत्तोबा समोर बघत म्हणाले. यशवंतराव मागच्या सीटवर बसले.

या खेपेला दोघंही जिन्याखाली, कूलरशेजारीच बसले.

तनुजाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “यशवंतकाका, तुमच्या बाटलीत खरं औषध होतं. दत्तोबाकाका, तुमच्या बाटलीत नव्हतं.”

आयुष्यात पहिल्यांदा चांगला तुकडा यशवंतरावांच्या वाट्याला आला होता, कॉम्प्युटरने दिलेला, कुठली खोट नसलेला. आणि तो त्यांनी आपल्या हाताने, परातीत ओतून, निम्मा केला होता. त्यांना रडावं की हसावं ते समजेना. ते पाणी प्यायला उठले. चार ग्लास प्यायले.

परतीच्या वाटेवर गाडीत अखेर दत्तोबा बोलले. “म्हंजी तुझ्यातलं निम्मं माझ्या पोटात गेलं म्हन की.”

“हो.”

“न् माझं पीठ तुझ्या.”

“हो.”

“आन् मी तुला म्हनत व्हतो, तू आस्सल माल दाबून बसलायस.”

“बसलोच होतो की,” यशवंतराव म्हणाले. “मला कुठं माहीत होतं?”

दत्तोबांनी गाडी गेटपाशी थांबवली. यशवंतराव उतरले आणि सवयीने नाल्याच्या दिशेने चालायला लागले. मागे किल्ल्यांचा जुडगा वाजला. त्यांनी वळून पाहिलं तर दत्तोबा कुलपाशी झटापट करत होते. ते गंजलं होतं. अखेर निघालं. दत्तोबांनी गेटचं एक दार करकर वाजवत पार भिंतीपर्यंत ढकललं. दुसऱ्या दाराची कडी मात्र खाली घट्ट बसवली आणि त्यावर पायाने दाबलं.

“दादा, हे एकच दार?” कितीतरी वर्षांनी यशवंतरावांच्या तोंडून दादा निघालं.

“तू निम्मं दिलंस, मी निम्मं दिलं,” दत्तोबा म्हणाले. “वाटनी म्हंजी वाटनी. तुझी स्कूटर जाती त्यातनं, मी मापून बघितलंया.”

कधी मापलं, हे यशवंतरावांनी विचारलं नाही. अंबुकाकींच्या ओट्यावरून सुमनताई हे सगळं बघत होत्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि वर कुणी विचारायच्या आत म्हणत होत्या, “काही नाही, धूळ उडाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतराव आत गेले आणि सुमनताईंची देवपूजा सुरू होते न होते तोच बाहेर आले. गोळी नाही, एरंडेल नाही, उलटं चालणं नाही. सुमनताईंनी भुवई वर केली. यशवंतरावांनी आधी खिडकीपाशी जाऊन बाहेर कुठे बंटी दिसतोय का ते पाहिलं, खिडकी लावून घेतली, आणि मगच अंगठा वर केला.